भिवराचं मन ‘नको’ म्हणालं

डोंगरातल्या एका गावात भिवरा नावाची एक बाई राहत होती. गावात शिरायला वाट एकच, नदीवरचा झुलता पूल. अंबाडीचे जाड दोर दोन्ही काठांवरच्या लाकडी खुंटांना गुंडाळून बांधलेले आणि त्यांवर फळ्या अंथरलेल्या. पुलावरून मोठी गर्दी जायची असली की भिवरा आधी एकटी, अनवाणी चालून पूल बघायची. ती “चला” म्हणाली तरच लोक निघायचे. आणि गावाची रीत अशी, की “चला” म्हणणाऱ्याने शेवटचा माणूस पार होईपर्यंत पुलाच्या मधोमध उभं राहायचं. पूल तुटला तर सगळ्यांबरोबर तीही नदीत!

भिवराचा स्वभाव मोठा गमतीचा होता. तिच्या मनाला एखादी गोष्ट चटकन कळायची, पण का कळली ते सांगता यायचं नाही. तिचं डोकं मात्र चिकित्सक. गाठ न् गाठ, फळी न् फळी तपासल्याशिवाय ते हलायचं नाही. या दोघांचं कधी पटायचं नाही. एकदा नुसत्या मनाचं ऐकून तिने पूल बंद ठेवला. बाजाराची सगळी भाजी पलीकडेच सुकली आणि पूल होता ठणठणीत! तेव्हापासून लोक तिला हसायचे, आणि तीही मनाला गप्प बसवायची.

एक दिवस पाटलांच्या मुलाचं लग्न लागलं. नवरी घेऊन वऱ्हाड पलीकडच्या काठावर आलं. ढोल घुमत होते, सनई वाजत होती, पोरंटोरं नाचत होती. अलीकडे पाटील वाट बघत होते आणि पाटलीणबाई ओवाळायचं ताट घेऊन उभ्या होत्या. सगळं गाव काठावर लोटलं होतं.

भिवरा पुलावर चढली. फळ्या घट्ट, गाठी पक्क्या, दोर नवेकोरे. डोकं म्हणालं, “सगळं ठीक आहे.”

पण मन म्हणालं, “नको!”

भिवरा थबकली. परत काठावर आली.

“काय झालं?” पाटील ओरडले.

“पाटील, जरा थांबा. माझं मन घेत नाही.”

“झालं! त्या वेळी भाजी सुकवलीस, आता माझी सून सुकवतेस की काय?” पाटील म्हणाले आणि सगळे खदाखदा हसले.

भिवराचा चेहरा उतरला. “चला” म्हणावं? पलीकडे एवढी लेकरं! “नको” म्हणावं? पण कशावरून?

मग तिने आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. मनाला दटावलं नाही, की डोक्यालाही बाजूला सारलं नाही. तिने डोक्याला कामाला लावलं, “मनाला काहीतरी दिसलंय किंवा ऐकू आलंय. काय ते शोध.”

ती डोळे मिटून उभी राहिली. पहिलं पाऊल टाकलं तेव्हा काय झालं? दुसरं टाकलं तेव्हा? आणि एकदम तिने डोळे उघडले.

“आवाज! पूल आज करकरलाच नाही!”

“कसा करकरेल?” पाटील मिशीवर ताव देत म्हणाले. “नवी सून येताना ही करकर कशाला? मीच सकाळी या काठाच्या खुंटांवर घागरभर एरंडेल ओतायला लावलं.”

भिवराचं डोकं आता धावू लागलं. करकर होते ती दोर खुंटाला घट्ट आवळून बसतो म्हणून. तेल घातलं की दोर निसटणार. मी एकटी हलकी, मला पुलाने पेललं. वऱ्हाडाचं वजन पेलेल?

“वाळूची पोती आणा!” ती म्हणाली. पोत्यांना लांब दोरी बांधली. दोरीचं टोक घेऊन ती जपून पलीकडे गेली. वऱ्हाडी मंडळींनी “ओढा रे, ओढा!” करत पोती पुलाच्या मधोमध आणली.

सर्रर्र! अलीकडच्या खुंटावरून दोर सरकला. पूल एका अंगाला कलंडला आणि पोती धपाधप नदीत पडली!

ढोल थांबले. पाटील धावत खुंटांपाशी गेले.

मग साऱ्या गावाने कंबर कसली. तेलकट खुंट उपटून नवे रोवले, दोराची तेलकट टोकं छाटून नवे दोर जोडले. पुन्हा पोती चढवली, आणखी चढवली. दोर जागचा हलला नाही. डोकं म्हणालं, “ठीक आहे.” भिवराने मुद्दाम मनालाही विचारलं. तेही म्हणालं, “हो!”

“चला!” ती आनंदाने ओरडली आणि पुलाच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

इतक्यात पाटील लगबगीने पुलावर आले आणि तिच्या शेजारी उभे राहिले.

“पाटील, तुम्ही कशाला?”

“तेल मी ओतलं ना? मग मीही इथेच उभा राहणार. आणि भिवरा, यापुढे तू ‘नको’ म्हणालीस तर हसणार नाही. ‘का’ ते तुझ्याबरोबर शोधीन.”

ढोल पुन्हा कडाडले. नवरीने पुलावर पाऊल ठेवलं. मधोमध सासऱ्यांना पाहून ती गोंधळली आणि वाकून नमस्कार करू लागली.

“अगं सूनबाई, नमस्कार घरी गेल्यावर!” पाटील घाईने म्हणाले. “आधी पार हो!”

आणि हसत, गात सगळं वऱ्हाड गावात शिरलं.

तात्पर्य: मनाला धोका आधी कळतो आणि डोक्याला त्याचं कारण सापडतं, दोघांना भांडू न देता एकाच कामाला लावावं.