हाताच्या अंतरावर

"...मग शरीर जर अनित्यच आहे, तर त्याला शेक कशाला द्यायचा, भंतेजी?"

दयाराम खोब्रागडे विहाराच्या दारात उभे राहूनच विचारत होते. पाली भाषेचे निवृत्त प्राध्यापक. आयुष्यभर उभं राहून बोलायची सवय. आत येऊन बसा, असं भंते दोनदा म्हणाले होते. सरांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

भंते रेवत चटईवर बसले होते. सरांपेक्षाही म्हातारे.

"सकाळी दात घासले का, सर?"

"घासले."

"दात नित्य आहेत?"

सरांना राग आला. एसटीचे धक्के खात, टेकडी चढून ते थट्टा करून घ्यायला आले नव्हते.

"भंतेजी, मला प्रोस्टेटचा कॅन्सर होता. ऑपरेशन झालं, ग्रंथी काढून टाकली. आता रक्तातला आकडा पुन्हा वर सरकायला लागलाय. डॉक्टर म्हणतात, कुठेतरी थोडं उरलंय. आत्ता शेक, म्हणजे रेडिएशन, घेतला तर बरं व्हायची आशा चांगली आहे. थांबलो तर ती कमी होत जाईल."

"मग?"

"नको म्हणायचं ठरवलंय. तृष्णा नको. जगण्याचीसुद्धा नको. तुमचं मत हवंय."

"ठरवलंय, तर मत कशाला?"

...

मोठ्या माणसांची ही एक सोय असते. घाबरले की त्यांना घाबरलो म्हणावं लागत नाही, वैराग्य आलं म्हणता येतं. सरांकडे तर त्यासाठी पाली शब्दही होते.

"घरी काय म्हणतात?" भंतेंनी विचारलं.

"घरी मी एकटाच. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी चंद्रपूरला असते, उत्पला. शाळेत शिकवते."

"ती काय म्हणते?"

"तिला हर्नियाचं ऑपरेशन होतं असं सांगितलंय."

भंतेंच्या ओठाचा कोपरा हलला. "हर्निया."

"रजा टाकून आली होती. मीच परत पाठवली. कुणापुढे हात पसरून जगलो नाही मी, भंतेजी."

तेवढ्यात बाहेर चपला वाजल्या. गावातल्या शेवंताबाई धापा टाकत वर आल्या.

"भंतेजी, डबा ठेवते बरं! खाली गाडी उभी आहे, सुटली त गेली!"

डबा उंबऱ्याच्या आत सरकवून त्या आल्या तशा पळाल्या. खाली एसटीचा हॉर्न वाजला. मग टेकडीवर पुन्हा कुणीच उरलं नाही.

डबा सरांच्या पायाशी होता. भंते पलीकडे, भिंतीजवळ.

ऊन अंगणाच्या मधोमध येत चाललं होतं. दुपारचे बारा टळले की भंते दुसऱ्या सकाळपर्यंत जेवत नाहीत, हे सरांना ठाऊक होतं.

"जेवून घ्या, भंतेजी. वेळ होतोय."

"द्या."

"हा काय, इथंच तर आहे."

"कुणी हातानं दिल्याशिवाय मला घेता येत नाही. तेही हाताच्या अंतरावर येऊन. भिक्खूंचा हा नियम तुम्हीच शिकवायचात ना?"

शिकवायचे. परीक्षेत हमखास विचारायचे.

सरांनी डबा उचलला. लांबूनच वाकून चटईच्या कडेला टेकवला आणि झटकन दाराशी परतले.

भंते डब्याकडे बघत राहिले.

"हा ठेवलात. दिला नाहीत."

"इथं बघायला कोण आहे, भंतेजी?"

"तुम्ही आहात. मी आहे."

...

"मला जवळ येता येत नाही."

"गुडघे?"

सरांनी मान खाली घातली.

"वास येतो, भंतेजी."

विहारात एक माशी फिरत होती. तिचा आवाज ऐकू यायला लागला.

"ऑपरेशनपासून लघवी थांबत नाही. आत पॅड घालतो. खोकलो तरी... तेव्हापासून कुणाच्या घरी टेकलो नाही. सभेला गेलो तरी मागे उभा. लोकांना वाटतं, सर अजून किती ताठ आहेत." ते हसायला गेले, जमलं नाही. "आणि तो शेक कसा देतात, माहीत आहे? पाणी पिऊन या म्हणतात. मूत्राशय भरलेलं हवं. रोज, कित्येक आठवडे. परक्या पोरांसमोर टेबलावर निजायचं आणि रोखून धरायचं. मी... मी रोखून धरू?"

"डॉक्टरांना सांगितलं हे?"

"नाही."

"कुणाला सांगितलं?"

"आत्ता. तुम्हाला."

भंते हात मांडीवर ठेवून बसून राहिले. भुकेलं माणूस बसतं तसे. डब्याला हात लावला नाही.

ऊन आणखी सरकलं.

...

सर पुढे आले. डबा उचलला. भिंतीचा आधार घेत एक गुडघा टेकला, मग दुसरा. दोन्ही हातांनी डबा पुढे केला, आणि तेवढ्या वाकण्यानं व्हायचं ते झालं. पायजमा ओला झाला. चटईवर काळपट डाग पसरायला लागला.

सरांनी डोळे मिटले. हात तसेच पुढे.

भंतेंनी दोन्ही हातांनी डबा घेतला. झाकण काढलं. भाकरी, वांग्याची भाजी, कडेला चटणी. जेवायला लागले.

"भंतेजी... चटई..."

"वाळेल."

सर उठले नाहीत. तिथंच, हाताच्या अंतरावर, मांडी घालून नीट बसले. भंते सावकाश जेवत होते.

बऱ्याच वेळानं सर म्हणाले, "शेक घेतो मी. डॉक्टरांना सगळं सांगतो."

भंतेंनी मान हलवली.

"पण रोज बरोबर कुणीतरी लागेल म्हणतात." सरांनी खिशातून फोन काढला. उत्पलाचं नाव शोधलं. अंगठा नावावर थांबला. "तिची शाळा, तिचा संसार... तिच्यावर हे ओझं कशाला, भंतेजी? कसं म्हणू तिला, की ये?"

भंतेंनी भाकरीचा शेवटचा तुकडा मोडला.

"मला माझ्या हातानं घेता आलं असतं, सर, तर इतकी वर्षं ही टेकडी कोण चढलं असतं?"