टाकीवरची चिकटपट्टी

"मग हिला इथवर आणलीस कशी?"

"टेम्पोत, अज्जा. खाली गादी घालून."

"आजारी हाय?"

"छे. एका किकला सुरू होते."

सीमाभागातल्या त्या गावात मठाच्या म्हाताऱ्या स्वामींना लहानथोर सगळेच अज्जा म्हणत. मठ टेकडीवर होता, पण रस्ता चांगला डांबरी होता. त्यावरून मोटारसायकलला गादीवर निजवून आणण्याचं कारण अज्जांना काही कळेना.

गाडी पायऱ्यांशी उभी होती. तिच्याशेजारी शिवगोंडा उभा होता. साखर कारखान्यात टाइमकीपर, आणि पोरवयापासून मठात येणारा.

गाडी त्याच्या वडिलांची. बाळगोंडांनी ती तरुणपणी पंचक्रोशीत मिरवली. पुढे त्यांचे गुडघे गेले आणि गाडी गोठ्यात कडब्याखाली गेली. कोंबड्या तिच्या सीटवर अंडी घालू लागल्या. शिवगोंडानं ती बाहेर ओढली आणि घरच्या सोप्यात, पगारातून जे उरेल तेवढ्यात, पुन्हा उभी केली.

हे अज्जांनी विचारलं नव्हतं. त्यानंच सांगितलं.

"गॅरेजवाल्याला बोट लावू दिलं नाही, अज्जा. इंजिन मीच खोललं. सुटे भाग भंगारातनं वेचून आणले. चाकांच्या आऱ्यांचा गंज रॉकेल आणि दात घासायच्या ब्रशनं काढला. सीट दप्तरं शिवणाऱ्याकडनं शिवून घेतली. रंगावर धूळ बसू नये म्हणून मच्छरदाणी टांगली आणि आत बसून फवारा मारला."

"मच्छरदाणी कुणाची?"

"वडिलांची."

"मग ते?"

"त्यांना चावले डास... काही बोलले नाहीत. बॅटरी पण तेच धरून बसायचे. म्हणायचे, तू काम कर, मी उजेड धरतो."

अज्जांनी मान हलवली.

काम मात्र देखणं झालं होतं, ते कबूल केलंच पाहिजे. टाकी अशी चकचकीत की माणसाला आपलं तोंड दिसावं. शिवगोंडाला तर ते सारखं दिसत होतं.

"आता तुमच्या हातानं विभूती लागू दे, अज्जा. मग माझं मन भरलं."

अज्जांनी वाटीत भस्म कालवलं. तीन बोटं बुडवली आणि पायऱ्या उतरून टाकीपाशी आले. हात तसाच अधांतरी राहिला.

टाकीवर मधोमध चिकटपट्टीचा एक रुंद, पारदर्शक तुकडा नीट डकवलेला होता.

"हे काय रं?"

"विभूती... त्याच्या वरनं लावा. घरी गेल्यावर अलगद काढून घेतो."

"कशापायी?"

"राख आहे ना, अज्जा. राखेनं भांडी घासतात. रंगाला चरे पडायचे."

टेम्पोवाला तोंड फिरवून हसला. शिवगोंडाचे कान तापले, पण तो हटला नाही. गाडी त्यानं तळहातावरच्या फोडासारखी जपली होती, त्यात लाजायचं काय?

अज्जा हसले नाहीत. त्यांनी नखानं पट्टीचा कोपरा उचलला आणि ती सावकाश सोलून काढली. रंगाला धक्का लागला नाही.

"बस खाली."

शिवगोंडा गुडघ्यावर बसला.

अज्जांनी ती पट्टी त्याच्या कपाळावर आडवी चिकटवली. अंगठ्यानं दाबून नीट बसवली. मग तिच्यावरून भस्माची तीन बोटं ओढली.

"लागली?"

शिवगोंडानं डोळे वर करून पट्टीकडे बघायची खटपट केली.

"विचारतोय, लागली का?"

"पट्टीला लागली, अज्जा."

"गार वाटलं?"

"नाही."

अज्जा खालच्या पायरीवर टेकले. गाडीकडे बघत राहिले. त्यांनाही ती आवडली होती, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

"तुझ्या बाला बसवलंस हिच्यावर?"

शिवगोंडानं मान खाली घातली.

इंजिन पहिल्यांदा धडधडलं त्या दिवशी बाळगोंडा धुतलेलं धोतर नेसून, फेटा बांधून दाराच्या पायरीवर येऊन बसले होते. एवढं बाजारापर्यंत ने, म्हणाले. शिवगोंडा म्हणाला, रंग वाळू दे. रंग वाळला. मग म्हणाला, दसरा होऊ दे. दसराही झाला. मग म्हणाला, अज्जांची विभूती लागू दे.

हे सगळं त्यानं अडखळत सांगितलं. कपाळावर पट्टी तशीच होती.

"आता काय म्हणतात?"

"आता... आता विचारत नाहीत."

अज्जा रागावले असते तर त्याला बरं वाटलं असतं. ते रागावले नाहीत. त्यांनी फक्त भस्माची वाटी त्याच्यापुढे सरकवली.

शिवगोंडानं कपाळावरची पट्टी ओढली. भुवईचे चार केस तिच्याबरोबर गेले. मग त्यानं वाटीत बोटं बुडवली आणि टाकीवर तीन रेघा ओढल्या. रेघा वाकड्या आल्या. बोटांखाली ओली राख करकरली. त्यानं डोळे मिटून घेतले आणि उघडले. गाडी जागच्या जागी होती.

"गादी नीट करू का?" टेम्पोवाल्यानं विचारलं.

"नको. तू हो पुढं. मी हिच्यावरनं येतो."

त्यानं किक मारली. खरंच एका किकला गाडी सुरू झाली. तो संथ, जड ठोका ऐकून अज्जांचा पायही पायरीवर हलायला लागला. शिवगोंडाला एकाएकी हसू आलं. इतक्या दिवसांत तो या गाडीजवळ बसून मनापासून हसला नव्हता.

घर काही लांब नव्हतं. म्हातारा आत्ता सोप्यावरच बसलेला असणार.

गियर टाकता टाकता तो थांबला.

"अज्जा... एक सांगू?"

"सांग की."

"त्यांचा गुडघा वाकत नाही. बसताना पाय घासणार मागच्या मडगार्डला. चपलेला खाली खिळे आहेत त्यांच्या. ओरखडा पडणार."

"पडणार."

"चांगला मोठा पडेल."

अज्जा उठून गाडीजवळ आले. मडगार्डवर, जिथं म्हाताऱ्याचा पाय लागला असता, नेमका तिथं त्यांनी तळवा ठेवला.

"पडू दे... बाच्या मागं तेवढाच ऱ्हाईल, हात फिरवायला."