काऊचा घास

एका राज्यात वारं सुटलं की राजवाड्यात दोर हुडकायची धांदल उडायची. राजाची लेक उडून जायाची ना! रतनमाळ तिचं नाव. वजन पिसाएवढं. आता आषाढाचं वारं तोंडावर आलेलं. त्या वाऱ्यात पोर सुटली तर परत घावायची न्हाई, हे समद्या राज्याला ठावं.

झालं असं. एका जादूगारानं रानीला सोन्याची बरनी दिली. पोर रडली की बरनी आपसूक बत्ताशानं भरायची. बत्ताशं खाईल तितकी पोर हलकी व्हायाची. जेवाया बसवलं की ती भोकाड पसरायची, आन रानी बरनी उघडायची. दासी मागं पळायच्या, "ह्यो घास चिऊचा, ह्यो काऊचा!" पोर थुंकायची. राजा भैरोजी तापट गडी. "गिळ म्हन्तो ना!" म्हनून गरजायचा, आन मेथी दिसली की सोताचंच ताट ढकलायचा.

एक दिवस खिडकीत कावळा आला आन बोलला, "राजा, माझ्या नावाचा घास रोज काढता. कुठं हाय त्यो?"

"चल हट, काळतोंड्या!"

"हटतो. पोर उडाल्यावर मला इचारू नगंस."

राजा झटक्यात नरमला. "थांब बाबा. उपाव सांग."

"तीन कामं हायती. बरनी हिरीत टाक. पोरीला संगं घिऊन मेथी लाव. आन ती मेथी तिच्याम्होरं बसून खा, माझा घास काढ. पन तिला 'खा' म्हनायचं न्हाई. म्हनलास की दोर तुटला."

बरनी हिरीत टाकली. पडताना ती पोरीच्याच आवाजात रडली. रानीनं कानावर हात ठिवलं, पन बरनी वर काढली न्हाई.

मग राजानं पोरीचा दोर सोताच्या कंबरंला बांधला आन वाफा खनला. पोर वर तरंगत पानी घालायची. निम्मं वाफ्यात, निम्मं राजाच्या डोस्क्यावर.

"आबा, कोंब आला! माझा कोंब!"

मेथी खुडली त्याच दिवशी वारं आलं. झाडं मोडली, कौलं उडाली. राजा-रानी मेथी-भाकरी घिऊन भुईवर बसली. पोर वर गरगर फिरतीय, दोराचा पीळ सुटतोय. राजाच्या जिभंवर 'खा' आलं. त्यानं सोताच्याच तोंडात मेथी-भाकरीचा तुकडा कोंबला. परत आलं, परत कोंबला. मेथी कडू, डोळ्यांत पानी, पन तोंड वाकडं केलं न्हाई. काऊचा घास खिडकीत ठिवला.

पोर वरनं बघत व्हती. "आबा, कावळ्याला दिली. मला?"

राजानं गुमान ताट सरकवलं.

दोर धरून पोर खाली आली. एक घास घेतला. "कडू हाय!" दुसरा घेतला. "पन माझी हाय."

तिसऱ्या घासाला पोर धपकन राजाच्या मांडीवर आदळली.

"आई गं! मांडी मोडली!" राजा वरडला, आन हसत-रडत नाचाया लागला. रानीनं पोरीला उचलाया बघितलं, उचलंना! वारं दारावर धडका मारून मारून दमलं आन निघून गेलं.

कावळ्यानं घास संपवला. "मीठ कमी हाय," म्हनला आन उडाला.

तवापासनं त्या राज्यात आईबाप पोरांसंगं भुईवर जेवत्यात, कावळ्याचा घास खरंच खिडकीत निघतो, आन दोर फकस्त बैलाला लागतो.