शिंगटे साहेबांची मागची भिंत

“म्हणजे पाणी तुमच्याशी बोलतं, असं म्हणायचंय का बाई तुम्हाला?”

भगवंतराव शिंगट्यांनी हे हसत विचारलं. पण त्या हसण्याला धार होती.

चांगुणाक्का गॅरेजच्या ओल्या फरशीवर अनवाणी उभी होती. हातात छातीइतकी उंच लोखंडी सळई. सळईच्या वरच्या टोकाला वाटीसारखं कोरलेलं लाकूड.

“पानी कशाला बोलतंय?” ती म्हणाली. “बोलता तुमी. पानी आपलं गप वाटंनं जातंया.”

साताऱ्याच्या डोंगरउतारावर, टेकडी कापून बांधलेल्या बंगल्याचं हे गॅरेज. पुढे रस्त्याकडे उघडणारं शटर, मागची भिंत थेट डोंगराच्या मातीला पाठ लावून उभी. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर भगवंतरावांनी गाडी विकली, आणि गॅरेज मोकळं झालं त्याच दिवशी त्यांच्या पत्नीने, शालनताईंनी, तिथे झाडू मारून सांगून टाकलं, “इथे मी गोधड्या शिवणार.”

नवरा पाटबंधारे खात्यात इंजिनिअर, म्हणजे बायकोचं आयुष्य कॅम्पवरच्या दोन खोल्यांत. गोधडी घालायची तर लुगडी अंथरायला सलग जमीन लागते, आणि ती या बाईला तीस वर्षांत मिळाली नव्हती. दर बदलीला साहेब म्हणायचे, घर बांधू तेव्हा बघू. आता घर होतं, जमीन होती, आळीतल्या चौघी सुया घेऊन शुक्रवारी येणार होत्या.

आणि फरशीवर पाणी होतं.

पावसाळा सरून महिना झाला, तरी रोज सकाळी फरशांच्या सांध्यांतून पाणी वर यायचं. पुसलं की पुन्हा.

“शुक्रवारपर्यंत वाळली तर इथे,” शालनताईंनी ताटात भाकरी वाढता वाढता सांगितलं होतं. “नाही तर मी आळीतल्या सुमनच्या माडीवर जाईन. रोज दहा ते पाच. तुमचं जेवण झाकून ठेवत जाईन.”

आवाज चढवला नव्हता. म्हणूनच साहेबांनी हातातला घास ताटात ठेवला. बायको ओरडते तोवर संसार जागेवर असतो. झाकून ठेवलेलं ताट वेगळं.

त्यांनी फरशी तीन ठिकाणी फोडून पाहिली. भिंतींना वॉटरप्रूफिंगचे चार हात दिले. दोन प्लंबर येऊन मान हलवून गेले. शेवटी शालनताईंनीच चांगुणाक्काला बोलावलं होतं, आणि ते साहेबांना झोंबलं होतं.

अक्काचा नवरा नगरपालिकेच्या पाणीखात्यात चावीवाला होता. गल्लोगल्ली पाणी सोडायचा, फुटलेले नळ शोधायचा. त्याचे कान गेले तेव्हा अक्का त्याच्याबरोबर सळई घेऊन हिंडायला लागली. एक टोक जमिनीला, दुसरं कानाला, आणि रस्त्याखाली पाणी नेमकं कुठे सूं सूं करत गळतंय ते ऐकायचं. पगार नवऱ्याच्या नावावर, कान हिचे. शाळा पाहिली नव्हती, आणि हे काम तिला शिकवलंही कुणी नव्हतं. वीस वर्षं तिने बोट ठेवलं तिथे रस्ता खणला जायचा.

ती आता ऐंशीला टेकली होती.

“किती ठिकानी फोडलंसा?” तिने विचारलं.

“तीन.”

“आन् बुजवलंसा किती?”

“तिन्ही. चांगला एकास तीनचा सिमेंटचा माल घालून.”

“आन्?”

“आणि काय?”

मागच्या भिंतीच्या पायथ्याशी चार बोटं रुंद पन्हळ होती, थेट शटरबाहेर जाणारी. तिच्यात कोळ्याने जाळं विणलं होतं. अक्का वाकून त्या जाळ्याकडे बघत राहिली...

“मीटर?” तिने विचारलं.

“घरातले सगळे नळ बंद करून तासभर मीटरसमोर बसलो. काटा जागचा हलला नाही. म्हणजे पाइप फुटलेला नाही.” साहेबांचा आवाज चढला. “एवढं कळतं मला, बाई. आयुष्य पाण्यात गेलंय माझं.”

“कळतंय की. मग सळईचं हितं काम न्हाई.” तिने सळई भिंतीला टेकवून ठेवली.

“काम नाही? मग आणली कशाला?”

“तुमी इचाराल म्हनून.”

साहेब वरमले. पण सळईवरची त्यांची नजर काही हटेना. ज्याने आयुष्यभर यंत्रं पाहिली, त्याला असलं साधं अवजार समोर असून हातात घेता येत नाही म्हणजे काय!

“निदान कशी ऐकतात ते तरी दाखवा.”

“ठिवा, आन् ऐका. त्यात दाखवायचं काय?”

साहेबांनी सळई फरशीवर रोवली. लाकडी वाटी कानाला लावली. डोळे मिटले. एक फरशी झाली, दुसरी झाली. तिसऱ्या फरशीवर त्यांचा चेहरा उजळला.

“इथे! इथे आहे. धड... धड... ठोके पडताहेत. शेजाऱ्यांचा पंप असणार! त्यांच्या टाकीचं पाणी येतंय. शालन, ती छन्नी आण!”

अक्का जवळ आली. साहेबांच्या मनगटावर तिने दोन बोटं ठेवली, आणि दुसऱ्या हाताने स्वतःच्या मांडीवर थाप द्यायला लागली.

धड... धड...

तोच ठेका. थाप चुकत नव्हती.

साहेबांनी डोळे उघडले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. दारात उभ्या असलेल्या शालनताईंनी पदर तोंडाला लावला, पण खांदे हलायचे ते हललेच.

“ह्यो तुमचाच पंप,” अक्का म्हणाली. “लाजू नगा. पयल्यांदा समद्यांना ह्योच ऐकू येतो. म्या बी ह्यावरनं एक रस्ता खांदायला लावलाता. गुडघाभर.”

“सापडलं काय?”

“गांडुळं.”

आता मात्र साहेबही हसले. मनाविरुद्ध हसले, पण हसले.

“फरशी पुसा,” अक्का म्हणाली. “कोरडी करा. पार खडखडीत.”

“मी?”

“मंग कोन? माझं गुडघं वाकत्यात व्हय?”

निवृत्त कार्यकारी अभियंता भगवंतराव शिंगटे लेंगा वर खोचून फरशी पुसायला बसले. शालनताईंनी तीस वर्षांत न पाहिलेलं दृश्य उंबऱ्यावरून मनसोक्त पाहिलं आणि चहा ठेवायला आत गेल्या. जाताना अक्काच्या हातात रांगोळीचा डबा ठेवला, कारण अक्काने तोच मागितला होता.

अक्काने कोरड्या फरशीवर रांगोळीच्या तीन रेघा ओढल्या. एक शटरजवळ, एक मध्ये, एक मागच्या भिंतीलगत. तिन्ही अगदी सरळ.

“आता?” साहेबांनी विचारलं.

“आता बसायचं.”

“बसून काय करायचं?”

“चा प्यायचा.”

चहा आला. दोघं उपड्या बादल्यांवर बसली. साहेबांना गप्प बसायची सवय नव्हती. ते तीनदा उठून रेघा बघून आले. चौथ्यांदा उठले तेव्हा अक्काने नुसतं बघितलं. ते बसले.

“धरणं बांदलीसा म्हनं,” अक्का बशीत चहा ओतत म्हणाली.

“दोन. आणि एकाची उंची वाढवली.” साहेबांची पाठ ताठ झाली.

“गळत न्हाईत ती?”

अखेर साहेबांच्या ओळखीचा प्रश्न आला होता. त्यांनी कप खाली ठेवला आणि दोन्ही हात मोकळे केले.

“अहो बाई, धरण म्हटलं की पाझर आलाच! पाणी ते, अडवलं की भिंतीला रेटणार. म्हणून भिंतीच्या पोटात आम्ही भुयार ठेवतो. त्या भुयारात पाझर उतरायला भोकं ठेवतो. मुद्दाम! रोज सकाळी एक माणूस आत जातो आणि किती पाझर आला ते मोजून येतो.”

“रोज?”

“रोज. मी असेन तिथे मी स्वतः जायचो.”

“आन् एखाद्या दिशी पाझर आलाच न्हाई तर? बरंच की.”

“बरं कसलं डोंबलाचं! जीव टांगणीला लागतो. मागे पाणी तर तेवढंच आहे. ते ठेवलेल्या वाटेनं आलं नाही, याचा अर्थ भोकं बुजली. मग ते पाणी भिंतीखाली शिरतं आणि खालून वर...”

साहेब थांबले.

अक्का चहा पीत होती. फूं करून, बशीने.

बाहेरून रिक्षा गेली. आत कुकरची शिट्टी झाली...

“रेघ बगा,” अक्का म्हणाली.

शटरजवळची रेघ पांढरीशुभ्र होती. मधलीही कोरडी. मागच्या भिंतीलगतची रेघ मात्र काळपट पडली होती. सगळी नाही. हात हात अंतर सोडून, ठिपके दिल्यासारखी.

साहेबांना ते मोजावे लागले नाहीत.

“बुजवलंसा किती?” अक्काने पुन्हा विचारलं. पहिल्यांदा विचारलं होतं त्याच आवाजात.

“तीन फरशीत,” साहेब म्हणाले. मग घसा साफ केला. “आणि पाच... भिंतीत.”

त्यांनी आपणहून सांगितलं, हे त्यांच्या बाजूने लिहायलाच हवं. गेल्या मार्गशीर्षात वास्तुशांत झाली. गवंडी शहाणा माणूस. डोंगराला टेकलेली भिंत म्हणून त्याने तळाशी पाच भोकं ठेवली होती आणि खाली पन्हळ काढली होती. पंगतीनंतर पाहुणे घर बघत फिरले. खात्यातले एक जुने सहकारी जिलबीचा तुकडा हातात धरून या भिंतीसमोर थांबले आणि मोठ्याने म्हणाले, “वा शिंगटे! सरकारची धरणं बांधली आणि स्वतःची भिंत गळकी!” सगळे हसले. साहेबही हसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी शालनताई देवळात गेल्या होत्या. साहेबांनी स्वतः सिमेंट कालवलं, पाचही भोकं भरली, वरून चुना मारला. भिंत गुळगुळीत झाली. त्यांना त्या दिवशी फार बरं वाटलं होतं.

“कशात कालवलंत?” दारातून आवाज आला.

साहेब वळले नाहीत.

“माझ्या परातीत?” शालनताई आत आल्या. “कणकेच्या? अहो, परात खराब केली म्हणून मी त्या गरीब गवंड्याला नाही नाही ते बोलले! आणि तुम्ही समोर उभे होतात. माझ्या हो ला हो म्हणालात!”

“जाऊन माफी मागून येतो.”

“मागायचीच! आणि लाडू घेऊन जायचं!”

अक्काला या भांडणात रस नव्हता. तिने छन्नी आणि हातोडा साहेबांच्या पुढ्यात सरकवला.

“कुठे मारू, अक्का?” साहेबांनी विचारलं.

सकाळपासून ते तिला ‘बाई’ म्हणत होते. बदल त्यांच्या ध्यानात आला नाही. शालनताईंच्या आला.

“मला काय इचारता? बुजवली कुनी?”

साहेब भिंतीशी गुडघ्यांवर बसले. हात फिरवला. वॉटरप्रूफिंगच्या चार हातांखाली पहिलं भोक कुठे आहे ते बोटांना आधी समजलं. पहिला घाव, दुसरा. सिमेंटचा डबीएवढा गोळा निखळला. आधी काहीच आलं नाही. मग भिंतीच्या आत कुणीतरी घोट गिळावा तसा आवाज झाला, आणि तांबूस पाण्याची धार साहेबांच्या मांडीवर पडली.

ते हलले नाहीत. ओल्या लेंग्यानेच दुसऱ्या भोकाकडे सरकले.

पाचवं मोकळं होईपर्यंत पन्हळ वाहायला लागली होती. कोळी घाईघाईने भिंतीवर चढला. पाणी शटरबाहेर पडलं, उतरणीने कुंपणाशी गेलं आणि शालनताईंच्या कर्दळींत शिरलं.

अक्काने सळई उचलली आणि निघाली. काय घेणार असं विचारलं तेव्हा म्हणाली, “शुक्रवारी माझं बी एक लुगडं घ्या गोधडीत.”

शुक्रवारपर्यंत फरशी पांढरी पडली. बुधवारी सांधे वाळले, गुरुवारी साहेबांनी मोजे घालून चालून पाहिलं आणि मोजे शालनताईंना नेऊन दाखवले.

शुक्रवारी दहाच्या ठोक्याला आळीतल्या चौघी आल्या. अक्का पाचवी. जुनी लुगडी गॅरेजभर अंथरली गेली, एकावर एक, सुरकुती काढत. शालनताई मधोमध बसल्या. एवढी सलग जमीन मिळालेली बाई कशी बसते, ते पाहण्यासारखं असतं. पाय हवे तसे पसरते. साहेब दोऱ्याचं रीळ धरून कडेला बसले होते. बसायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मागच्या भिंतीतून पाच बारीक धारा पन्हळीत पडत होत्या. टप... टप...

पलीकडच्या घोरपडे वहिनी तोंडाच्या फटकळ. टाका घालता घालता त्यांनी मान वर केली.

“अगंबाई! साहेब, एवढी धरणं बांधलीत, आणि तुमची भिंत गळतेय की हो!”

बायका हसल्या. साहेबांचे कान लाल झाले. तीस वर्षांचं सगळं ज्ञान ओठांपर्यंत आलं होतं, पण कुठून सुरुवात करावी ते सुचेना. त्यांनी अक्काकडे पाहिलं.

अक्का स्वतःच्या लुगड्याचा काठ शिवत होती. तिने वर पाहिलं नाही.

“गळत व्हती,” ती म्हणाली. “आता थांबली.”