डोकं दुखतं, पण कसं?

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हाचं सगळं वेगळं होतं, फक्त आयांना काळजीनं झोप लागत नसे, ते मात्र आजच्यासारखंच.

एका राज्यात एक तरुण राणी होती. शिकलेली होती, म्हणून काळज्याही चार जास्त. तिच्या लहानग्या लेकीचं डोकं दिवसभर दुखायचं. राजवैद्यांनी सुंठीचा लेप लावला, गुण नाही. दुप्पट लावला, कपाळ तेवढं भाजून निघालं. शेवटी ते म्हणाले, "राणीसाहेब, उद्या कपाळावर डाग द्यावा लागेल. तापल्या सळईचा."

राणीनं लेकीला जवळ ओढलं. "मला वैद्यकातलं काय कळतंय म्हणा," ती पुटपुटली, "पण विचारायला काय जातं?"

मग भेटेल त्याला ती विचारत सुटली, "तुमचं डोकं दुखतं, ते कसं दुखतं?"

माळीदादा म्हणाले, "उन्हात राबलो की ठणकतं. पाणी पिऊन सावलीत टेकलो की उतरतं."

सासूबाई म्हणाल्या, "सर्दी झाली की कपाळ जड होतं. वाकलं की जास्तच."

स्वयंपाकीणबाई म्हणाल्या, "माझी अर्धशिशी. अर्ध्याच डोक्यात घण पडतात. उजेड नको, आवाज नको, फोडणीचा वास तर नकोच. आणि मी पडले स्वयंपाकीण!"

राणी थबकली. एकाच नावाची इतकी दुखणी! आणि लेकीला आजवर सगळे एवढंच विचारत आले, "दुखतंय का गं?" ती बिचारी म्हणायची, "हो."

राणी लेकीजवळ बसली. "बाळा, कसं दुखतं?"

"आवळतं."

"केव्हा?"

"तू सकाळी वेणी घातलीस की. सोडलीस की थांबतं."

राजकन्या नीटनेटकी दिसावी, एकही बट सुटू नये, म्हणून राणी रोज स्वतः करकचून वेणी घालायची! ती ओशाळली, पण क्षणभरच. तिनं भराभरा पेड सोडले.

दुसऱ्या दिवशी वैद्य सळई घेऊन आले, तेव्हा राजकन्या मोकळ्या केसांनी अंगणात हुंदडत होती. राणीनं सळई घेतली आणि थेट हौदात बुडवली. चर्रर्र! दासींनी टाळ्या पिटल्या. राजानं दवंडी दिली: कुठं, कसं, केव्हा दुखतं हे विचारल्यावाचून राज्यात कुणी औषध देऊ नये.

म्हणून सांगते, दुखणं किती आहे ते मोजण्याआधी, कोणतं आहे ते विचारावं.

राजकन्या मात्र वैद्यांच्या कपाळावरच्या आठ्या न्याहाळत होती. ती म्हणाली, "वैद्यबुवा, पागोटं जरा सैल बांधा ना. मग तुम्ही इतके चिडणार नाही."