झोंबणारं तेल

माळावरच्या एका गावात राणबा नावाचा तेली राहत होता. त्या भागात हिवाळ्याचा वारा इतका कोरडा असे की माणसांच्या डोक्याची कातडी तडकायची. खाज सुटायची, खपल्या धरायच्या, नख लागलं की रक्त यायचं. राणबाकडे यावर साधा उपाय होता. घाण्यावर काढलेलं तिळाचं तेल घ्यायचं, त्यात माका आणि जास्वंदीची पानं घालून मंद आचेवर कढवायचं आणि गाळून ठेवायचं. ते कोमट करून हलक्या हातानं जिरवलं की डोकं हळूहळू मऊ पडे. तान्ह्या पोरापासून म्हातारीपर्यंत कुणालाही चालावं असं ते तेल होतं.

पण तिथल्या लोकांची एक समजूत होती. औषध कडू असेल तरच ते खरं, आणि लेप झोंबला तरच तो लागू पडला! राणबाचं तेल मुकाट्यानं आपलं काम करी. "गुण येतो हो, पण लावल्याचं कळत न्हाई," असं लोक कुरकुरत. आता गुण आल्यावर आणखी काय कळायला हवं होतं, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

एकदा बाजारात परगावचा एक तेलवाला आला. त्याचं तेल डोक्यावर पडताच माणसं हाय हाय करत नाचू लागली, आणि नाचता नाचता दुसरी बाटली मागू लागली. राणबाच्या पालाकडे, म्हणजे बाजारात तो उभारी त्या कापडी दुकानाकडे, त्या दिवशी कुणी फिरकलं नाही.

राणबानं घरी येऊन काय करावं? कढत्या तेलात त्यानं लवंगी मिरचीची पूड टाकली! वास लपावा म्हणून वरून कापूर घातला. अहो, मिरची! जी डोकी आधीच भेगाळली होती, त्यांच्यावर ओतायला!

त्याची बायको गिरजा शेजारीच होती. ती डोळे फाडून बघत राहिली.

"अवो, डोक्याला लावायचं हाय ते. आमटीत न्हाई घालायचं."

"लोकांस्नी झोंबायला पायजे, तर झोंबू दे," राणबा म्हणाला. "मागतील ते द्यायचं. आपल्याला काय?"

पुढच्या बाजारात त्याच्या पालाभोवती झुंबड उडाली. लोक डोकं धरून खाली बसत, डोळ्यांतून पाणी काढत आणि म्हणत, "आत्ता खरं तेल झालं!" त्यानंतरच्या बाजारात, आधी तेल नेलेली शेवंता नावाची एक बाई आपल्या लहान मुलीला घेऊन आली. पोरीच्या भांगात लाल चट्टे उठले होते. ते बघून मिरचीचं सांगून टाकावं, असं राणबाला क्षणभर वाटलंही. पण मागे गिऱ्हाइकं उभी होती.

"झोंबतंय म्हंजे मुरतंय," तो म्हणाला. "लावत ऱ्हावा." आणि ती बिचारी आणखी एक बाटली घेऊन गेली. माणूस किती निगरगट्ट होऊ शकतो!

राणबाची लेक मंजुळा जवळच्याच गावात दिली होती. तिचं दुसरं बाळंतपण सासरीच झालं. मुलगा झाला. बारशाच्या दिवशी राणबा आणि गिरजा अंगडं-टोपडं घेऊन हौसेनं निघाले. दारापाशी पोचतात तोच आतून बाळाचा आकांत ऐकू आला. ते भुकेचं रडणं नव्हतं. श्वास कोंडेपर्यंत ओरडायचं, आणि श्वास मिळाला की पुन्हा तेच. ऐकवत नव्हतं.

आत बाया गोळा झाल्या होत्या. कुणी मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढत होती, कुणी ओव्याचा शेक सांगत होती. मंजुळा पांढरीफटक पडली होती. तिची सासू चिमाबाई बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. आपल्या व्याह्याला पाहून तिला धीर आला.

"बरं झालं आलात, इवाई. न्हाऊ घातल्यापासनं लेकरू थांबंना. टाळू सुकली असंल. थांबा, पुन्यांदा भरते." तिनं बाटलीचं बूच काढलं. "बघा, बाजारातनं मुद्दाम तुमचंच तेल आणलंय. बारशासाठी आजच फोडलं."

राणबानं बाळाच्या माथ्याकडे पाहिलं. जिथं बोट टेकवतानाही माणूस बिचकतो, ती मऊ टाळू लालभडक झाली होती. गप्प बसला असता तर कुणाला काही कळलं नसतं. दृष्ट लागली म्हणून बाया उठून गेल्या असत्या. चिमाबाईनं तळहातावर तेल ओतलं. तो तळहात बाळाच्या माथ्याकडे निघाला.

"नको!" राणबा किंचाळला. "त्यात मिरची हाय! मीच घातलीय!"

चिमाबाईचा हात होता तिथंच थिजला.

"मिरची?" ती पुटपुटली. "आन् मी... माझ्याच हातानं..." तिनं तळहातावरचं तेल पदराला पुसून टाकलं. जमलेल्या बायांचे हात नकळत आपापल्या डोक्यांकडे गेले. त्यांच्याही घरी तीच बाटली होती.

सगळ्यात आधी गिरजा भानावर आली. तिनं साधं खोबरेल मागवलं, जुन्या लुगड्याचा मऊ धडपा त्यात बुडवला आणि हलक्या हातानं माथा टिपत राहिली. बऱ्याच वेळानं बाळाचं रडणं हुंदक्यांवर आलं आणि मग दमून त्याचा डोळा लागला. टाळूवरची लाली मात्र तशीच होती.

राणबा लेकीसमोर हात जोडून उभा राहिला.

"पोरी, माझ्या नातवाला लागंल, हे माझ्या ध्यानातबी आलं न्हाई गं."

मंजुळानं मान वर केली.

"म्हंजे दुसऱ्याच्या लेकराला लागंल, हे ध्यानात हुतं?"

राणबा मागं सरत उंबऱ्याबाहेर गेला. थोड्या वेळानं बायांनी बाळाला पाळण्यात घातलं आणि त्याला जाग येऊ नये म्हणून हळू आवाजात नाव ठेवलं. राणबा बाहेरच उभा होता. नातवाचं नाव काय ठेवलं, ते त्याला तिथं ऐकू आलं नाही, आणि आत जाऊन विचारायचं धाडस त्याला झालं नाही.

तात्पर्य: जे आपल्या लेकराच्या माथ्यावर घालायला हात धजणार नाही, ते दुसऱ्याच्या माथ्यावर कधी घालू नये, आणि जे झोंबतं तेच गुणकारी, असंही कुणी समजू नये.