तळ्याकाठचा सुखाचा तुरुंग

फार फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा सगळ्यांनाच जरा कमी घाई होती, अगदी धुक्यालासुद्धा. एका डोंगरी राज्यात ते भर दुपारपर्यंत तळ्यावरून उठत नसे. त्या तळ्याच्या काठी एक तुरुंग होता आणि वरच्या टेकडीवर, शंभर पायऱ्या चढून गेलं की, कदंबाच्या झाडाखाली न्यायसभा भरे.

त्या राज्याचा एक रिवाज होता. भीतीने माणूस खरं बोलतानाही अडखळतो, म्हणून आरोपीने स्वतः बोलायचं नाही. त्याला ओळखणाऱ्या कुणीतरी त्याच्या वतीने उभं राहायचं. अशा माणसाला कैवारी म्हणत. रिवाज घालणाऱ्यांनी तो मायेनेच घातला होता. फक्त ज्याला कुणीच नाही त्याचं काय, हे ठरवायचं राहून गेलं. कैवारी नाही, तर सुनावणी नाही. असा माणूस तुरुंगात वाट बघत बसे.

तुरुंगाचा रखवालदार मनाने लोण्याहून मऊ होता. कैद्यांना तो गरम भाकरी देई, कुणाला ताप आला तर उशाशी बसे. अंगणात त्याने जाईचा वेल चढवला होता. असा तुरुंग असेल तर घर हवं कशाला, असं लोक म्हणत आणि ते ऐकून त्याच्या अंगावर मूठभर मांस चढे. मात्र वीस वर्षांत टेकडीची एकही पायरी तो चढला नव्हता. शहाण्याने न्यायसभेची पायरी चढू नये, असं त्याचे वडील सांगत, आणि आपण शहाणे आहोत याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती.

एके दिवशी शिपायांनी गोधड्या शिवणाऱ्या एका फिरस्त्या बाईला आणलं. जत्रेच्या दिवशी देवळातली चांदीची घंटा नाहीशी झाली होती आणि गावात परकी तेवढी हीच होती. तिला नात्यागोत्याचं कुणी नव्हतं. होती ती चार वर्षांची लेक, तीन डोंगरांपलीकडे शेजारणीपाशी ठेवलेली. दहा दिवसांत परत येते, असं लेकीला सांगून ती निघाली होती.

रखवालदाराला तिची फार कणव आली. त्याने तिला तळ्याकडे खिडकी असलेली कोठडी दिली, सुई दिली, चिंध्या दिल्या. ती शिवत बसे. बाहेर बगळे उतरत आणि उडत, धुकं येई आणि जाई. एक दिवस दुसऱ्यात असा विरघळे की ऋतू पालटला तरी कुणाला पत्ता लागत नसे. फक्त मधूनच ती विचारी, "दादा, माझी सुनावणी कधी?"

"होईल गं बाई. तुला इथं काय कमी आहे?" असं म्हणून तो तिच्या भाकरीवर गुळाचा खडा ठेवी. आपण केवढं चांगलं वागतो, असं त्याला मनापासून वाटे.

तीन वर्षं अशी गेली.

एका दुपारी जेवून तो जाईखाली आडवा झाला आणि त्याला स्वप्न पडलं. तळं भिंतीसारखं उभं राहिलं होतं. त्या पाण्यापलीकडे त्याची बायको दारात थांबून त्याची वाट बघत होती. हा अलीकडे मऊ गादीवर बसला होता, समोर भाकरी वाफाळत होती. त्याने बायकोला हाक मारली, तर तोंडातून आवाजाऐवजी सावरीचा कापूस निघाला आणि वाऱ्यावर तरंगत गेला. ती थोडा वेळ थांबली आणि मग हळूच दार लावून आत गेली. जवळ एक बगळा उभा होता. मी इथं आहे एवढं तिला सांग, असं याने हात जोडून विनवलं. बगळ्याने मान वळवली. त्याचा आवाज प्रेमळ आणि फार ओळखीचा होता.

"होईल रे बाबा. तुला इथं काय कमी आहे?"

रखवालदार दचकून उठला आणि तसाच बाईच्या कोठडीपाशी गेला. तिथल्या गोधड्या त्याने त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिल्या. दरवर्षी तिने लेकीसाठी एक लहान गोधडी शिवली होती, आधीच्या गोधडीहून वीतभर लांब. त्याला स्वतःची अतोनात लाज वाटली.

वहाणा न घालताच तो शंभर पायऱ्या चढला आणि धापा टाकत म्हाताऱ्या न्यायाधीशांपुढे उभा राहिला. त्या बाईचा कैवारी म्हणून मी उभा राहतो, असं त्याने सांगितलं.

"तू तिला ओळखतोस?" न्यायाधीशांनी विचारलं.

"तीन वर्षं रोज बघतो."

"मग तीन वर्षं होतास कुठं?"



दुसऱ्या दिवशी सुनावणी झाली. कायद्यातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. त्याने बाईला एवढंच विचारून घेतलं होतं, की जत्रेच्या दिवशी ती कुठं होती. ती तापाने फणफणून धर्मशाळेत पडली होती. मग धर्मशाळेच्या म्हातारीला बोलावणं गेलं. दिवसभर हिला काढा मीच पाजत होते, असं ती म्हणाली. इतकी वर्षं कुणी विचारलंच नाही, तर सांगणार कुणाला? कदंबाची सावली चार बोटंही सरकली नसेल, तोवर बाई सुटली.

गोधड्यांचं गाठोडं उचलून रखवालदार तिच्याबरोबर निघाला. तीन डोंगर ओलांडून ते त्या घरी पोचले. अंगणात सात वर्षांची पोर खेळत होती. बाईने हात पसरले, तशी पोर धावत जाऊन शेजारणीच्या पदराआड लपली.

"आई, ही कोण गं?" तिने शेजारणीला विचारलं.

शेजारणीने डोळ्यांना पदर लावला. बाई उंबऱ्यावर बसली. मग तिने रखवालदाराकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता आणि तेच त्याला सोसवेना.

"दादा, तुम्ही मला कशाची ददात पडू दिली नाहीत," ती म्हणाली. "तेवढं वर जाऊन आधी बोलायला हवं होतं."

रखवालदार तुरुंगात परतला. त्यानंतर तो रोज सकाळी कोठडी-कोठडीत जाऊन कुणाला कुणी नाही ते विचारू लागला आणि त्याच्यासाठी टेकडी चढू लागला. हळूहळू गावातले आणखी काही जण त्याच्याबरोबर जाऊ लागले. निम्मा तुरुंग ओस पडला आणि जाईकडे बघायला कुणाला सवड उरली नाही. त्या पोरीला मात्र आईच्या कुशीत यायला पुढं आणखी एक वर्ष लागलं.

तात्पर्य: दयेने कोठडी मऊ होते, पण तिचं दार कुणीतरी तोंड उघडल्याशिवाय उघडत नाही.